प्लॅस्टिकमध्ये प्लॅस्टिक: कोण एकजीव होतं, कोण नुसतं नांदतं

पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे दाणे निम्मे-निम्मे घ्यायचे, दोन्ही पूर्ण वितळेपर्यंत तापवायचे, यंत्रात चांगले घोटायचे आणि त्यांची एक पट्टी पाडायची. गार झालेली पट्टी दिसायला ठीकठाक असते, दुधी रंगाची. पण ती ताणून तोडली की तुटलेल्या टोकाकडे निरखून पाहावं. नखानं उचकटलं तर तिथून पापुद्रे सुटतात, लाकडाच्या ढलपीसारखे धागे निघतात. आत दोन पदार्थ शेजारी-शेजारी आहेत, पण एकमेकांना धरून नाहीत, हे डोळ्यांनाच कळतं.

गंमत अशी की ही दोघं जवळपास सख्खी भावंडं आहेत. दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजन यांच्याशिवाय काही नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीवर एकाआड एक कार्बनला एक मिथिल गट लटकलेला असतो, एवढाच काय तो फरक. शाळेत आपण शिकतो की सारख्या स्वभावाचे पदार्थ एकमेकांत विरघळतात, म्हणून तेलात तेल मिसळतं आणि पाण्यात मद्यार्क. हा नियम छोट्या रेणूंसाठी चांगला चालतो. पॉलिमरच्या, म्हणजे लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंच्या, दारात मात्र त्याला कुणी विचारत नाही.

असं का, हे कळायला मण्यांकडे जाऊ.

मोकळे मणी आणि ओवलेले मणी

एका डब्यात हजार लाल आणि हजार पांढरे मणी टाकून डबा हलवला की ते आपोआप मिसळतात. त्यामागे कसलंही प्रेम नसतं. मिसळलेल्या मांडण्या अक्षरशः मोजता येणार नाहीत इतक्या असतात आणि लाल एका बाजूला, पांढरे दुसऱ्या बाजूला अशा मांडण्या त्यांच्या तुलनेत नगण्य. विस्कळीत होण्याच्या शक्यता जास्त असणं, यालाच एन्ट्रॉपी म्हणतात. लाल-पांढऱ्या मण्यांचं आपसात थोडंफार वाकडं असलं तरी एन्ट्रॉपी त्यांना मिसळायला लावते.

आता तेच मणी ओवून टाकू. सगळ्या लाल मण्यांची एक माळ आणि सगळ्या पांढऱ्यांची दुसरी. मणी तेवढेच आहेत, पण एकही मोकळा नाही. लाल मण्याचा शेजारी लालच असणार, कारण दोरा तसा आहे. मिसळण्यातून मिळणाऱ्या नव्या मांडण्या एकदम आटतात. साखळीत हजार दुवे असतील तर मिसळण्याचा एन्ट्रॉपीचा फायदा दर दुव्यामागे साधारण हजार पटीनं कमी होतो. खरे पॉलिमर याच मापाचे असतात, बरेचदा याहून लांब.

हा हिशेब पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडला. फ्लोरींना पुढे 1974 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या सूत्रात दोन बाजू आहेत. एका बाजूला एन्ट्रॉपीची ही तुटपुंजी मदत आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या दुव्यांना एकमेकांचा शेजार किती खटकतो याचं माप. या मापाला जे ग्रीक अक्षर वापरतात त्याचा उच्चार 'काय' असा होतो. मराठी माणसाला हे फारच सोयीचं आहे. दोन पॉलिमर समोर आले की पहिला प्रश्न तोच असतो: काय किती?

छोट्या रेणूंचं निम्मं-निम्मं मिश्रण 'काय' 2 होईपर्यंत तग धरतं. हजार दुव्यांच्या साखळ्यांना मात्र 0.002 च्या वर काही चालत नाही. ही किती बारीक गोष्ट आहे याचा अंदाज घ्यायचा तर ऊर्जेत मोजू. खोलीच्या तापमानाला एक मोल कणांची उष्णतेची ऊर्जा अडीच किलोज्यूलच्या आसपास धरतात. त्याचे 0.002 म्हणजे 5 ज्यूल. कार्बन-कार्बन बंध तोडायला साडेतीनशे किलोज्यूलच्या घरात ऊर्जा लागते. म्हणजे बंधाच्या सत्तर हजाराव्या हिश्श्याएवढी नाराजी असली तरी साखळ्या वेगळ्या होतात.

1985 साली याचा जो पुरावा पुढे आला, तो मला आजही थोडा अविश्वसनीय वाटतो. पॉलिब्युटाडाइन या एकाच कृत्रिम रबराच्या दोन आवृत्त्या घेतल्या, एकीत साधा हायड्रोजन आणि दुसरीत त्याच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन. रसायन तेच, आकार तोच, फक्त अणूचं वजन वेगळं. साखळ्या पुरेशा लांब असताना हे मिश्रणसुद्धा थंड केल्यावर फुटू लागतं, असं त्या मोजणीत दिसलं. जिथे पदार्थाला स्वतःचीच जड आवृत्ती चालत नाही, तिथे पॉलिथिलीननं पॉलिप्रॉपिलीनशी जमवून घ्यावं ही अपेक्षाच चुकीची.

म्हणून पॉलिमरच्या जगात न मिसळणं हाच नियम आहे. मिसळणाऱ्या जोड्या आहेत, पण त्या अपवाद, आणि प्रत्येकीमागे काहीतरी खास ओढ असते. पीव्हीडीएफ हे फ्लोरिन असलेलं प्लॅस्टिक आणि अॅक्रिलिक, म्हणजेच पीएमएमए, हे एक उदाहरण. फ्लोरिनच्या शेजारी असलेल्या हायड्रोजनला अॅक्रिलिकमधल्या ऑक्सिजनची ओढ वाटते. इमारतींच्या धातूच्या दर्शनी पत्र्यांवर जे टिकाऊ रंग असतात, त्यांच्यात बऱ्याचदा हीच जोडी असते, साधारण 70 भाग पीव्हीडीएफ आणि 30 भाग अॅक्रिलिक. सगळ्यांत नावाजलेली जोडी मात्र पॉलिस्टायरीन आणि पॉलिफेनिलीन ऑक्साइडची. दुसऱ्याला पीपीओ म्हणू.

उष्णतेची साक्ष

दोन पॉलिमर एकजीव झाले की नाही हे ठरवायचं कसं? साखळी दिसत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाला काही दशांश मायक्रॉनच्या खालचं कळत नाही. मग प्रयोगशाळेत नमुना तापवतात आणि तो काय करतो ते पाहतात.

काचेसारखं कडक प्लॅस्टिक तापवत नेलं की एका विशिष्ट पट्ट्यात ते मऊ, रबरासारखं होतं. हे वितळणं नव्हे. वितळण्यासाठी आधी स्फटिक असावे लागतात, इथे तेच नसतात. साखळ्यांचे तुकडे इतका वेळ जागच्या जागी गोठलेले होते, ते आता कुशी बदलायला लागतात, एवढंच घडतं. त्या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात आणि कामावर सगळे नुसतं 'टीजी' म्हणतात. पॉलिस्टायरीनचा टीजी 100 अंश सेल्सियसच्या आसपास, पीपीओचा 215 च्या जवळ, नैसर्गिक रबराचा उणे 70 च्या आसपास. म्हणून रबर खोलीत लवचिक असतं आणि पॉलिस्टायरीनचा पेला कडकन मोडतो.

टीजी मोजायचं नेहमीचं यंत्र म्हणजे डीएससी, अर्थात डिफरेन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर. 1962 मध्ये पुढे आलेलं हे तंत्र आज जवळपास प्रत्येक पॉलिमर प्रयोगशाळेत असतं. शर्टाच्या बटणाहूनही लहान अशा अॅल्युमिनियमच्या वाटीत पाच-दहा मिलिग्रॅम नमुना घ्यायचा, वर झाकण दाबून बसवायचं. शेजारी तशीच रिकामी वाटी. दोन्ही मिनिटाला 10 अंश या वेगानं तापवत जायचं आणि भरलेल्या वाटीला किती जादा उष्णता द्यावी लागते ते नोंदवायचं. टीजी आला की आलेखाची रेघ एक हलकी पायरी उतरते किंवा चढते, यंत्रावर अक्ष कसे मांडलेत त्यानुसार. पहिल्यांदा तापवतानाचा आलेख सहसा बाजूला ठेवतात. नमुना कसा गार झाला होता, किती दिवस पडून होता, त्यात दमटपणा किती, या सगळ्याचे ठसे त्यात असतात. एकदा तापवून ते पुसायचे, ठरावीक वेगानं गार करायचं आणि दुसऱ्या फेरीतला आलेख वाचायचा. घाईत पहिलीच फेरी वाचून निष्कर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि सुरुवातीला त्यांच्यात मीही होतो.

साक्ष अशी वाचतात: दोन पॉलिमर वेगवेगळे राहिले असतील तर दोन पायऱ्या दिसतात, ज्याची त्याच्या जागी. एकजीव झाले असतील तर एकच पायरी दिसते, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. आणि अर्धवट मिसळले असतील तर पायऱ्या दोनच, पण एकमेकींकडे सरकलेल्या.

मधली म्हणजे नेमकी कुठे? यासाठी फॉक्स यांचं 1956 चं सूत्र अजून हाताशी असतं. मिश्रणाच्या टीजीचा व्यस्तांक म्हणजे प्रत्येक घटकाचा वजनी हिस्सा भागिले त्याचा टीजी, यांची बेरीज. पॉलिस्टायरीन आणि पीपीओ निम्मे-निम्मे घेऊ. 100 अंश म्हणजे 373 केल्व्हिन, 215 अंश म्हणजे 488 केल्व्हिन. 0.5 भागिले 373 होतात 0.00134, 0.5 भागिले 488 होतात 0.00102. बेरीज 0.00236 आणि काही, तिचा व्यस्तांक 423 केल्व्हिन, म्हणजे 150 अंश सेल्सियस. सरळ सरासरी काढली असती तर 157.5 आलं असतं.

इथे एक खड्डा आहे. हाच हिशेब चुकून सेल्सियसमध्ये केला तर उत्तर येतं 137 अंशांच्या आसपास. ते दिसायला पटण्यासारखं असतं, दोन टोकांच्या मध्येच पडतं, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. उत्तर हास्यास्पद आलं असतं तर चूक तिथेच सापडली असती. उणे टीजी असलेलं रबर सूत्रात घातलं की मात्र सेल्सियसवाल्याचं पितळ उघडं पडतं.

पीपीओच्या बाबतीत या आकड्याला व्यवहारात मोठी किंमत आहे. शुद्ध पीपीओ उष्णतेला खमक्या, पण साच्यात ओतायचा तर 300 अंशांच्या पुढे न्यावा लागतो आणि तिथे तो स्वतःच बिघडायला लागतो. पॉलिस्टायरीन घातलं की टीजी उतरतो आणि कामाचं तापमानही. किती घालायचं त्यावर किती उतरवायचा हे ठरतं, जणू हातात एक खुंटी आली. जनरल इलेक्ट्रिकनं 1960 च्या दशकात नोरिल या नावानं बाजारात आणलेला माल याच जोडीवर उभा होता.

साक्षीदार कुठे फसवतो

पॉलिस्टायरीन आणि पीएमएमए यांचं मिश्रण डीएससीत घातलं तर एकच पायरी दिसते, 100 अंशांच्या थोडी पुढे. झाले एकजीव? मुळीच नाही. ही जोडी मिसळत नाही हे पक्कं ठाऊक आहे. दोघांचे टीजीच इतके जवळ आहेत की दोन पायऱ्या एकमेकींवर पडतात. अशा वेळी एक युक्ती करतात. नमुना टीजीच्या थोडा खाली बराच वेळ मुरवत ठेवायचा. मुरलेलं काचेसारखं प्लॅस्टिक पुन्हा तापवलं की पायरीवर एक छोटं शिखर उगवतं. दोन पॉलिमर वेगळ्या गतीनं मुरतात, त्यामुळे शिखरं दोन आली की बिंग फुटतं.

उलटी फसगतही होते. पंधरा-वीस नॅनोमीटरच्या खालचे ठिपके असले तर डीएससीला ते वेगळे कळत नाहीत आणि तो एकच टीजी दाखवतो. म्हणजे 'एक टीजी' याचा अर्थ 'या यंत्राच्या नजरेला एकजीव' इतकाच.

पारदर्शकतेचंही तसंच. न मिसळलेलं मिश्रण सहसा दुधी दिसतं, कारण आतल्या थेंबांवर प्रकाश विखुरतो. पण दोन्ही पदार्थांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, जुळवून घेतला तर थेंब असूनही दिसत नाहीत. एबीएस हे रबराचे ठिपके असलेलं चिवट प्लॅस्टिक एरवी अपारदर्शक असतं, पण त्याचे पारदर्शक प्रकार नेमके असेच बनवतात. नितळ दिसतं म्हणून एकजीव आहे, असं म्हणणं धाडसाचं.

आणि एकजीव मिश्रणाची पायरीसुद्धा शुद्ध पॉलिमरसारखी नीटस नसते, अनेकदा पसरट येते. लाल साखळीच्या तुकड्याभोवती लालच दुवे जास्त असतात, कारण ते त्याच दोऱ्यात ओवलेले आहेत. त्यामुळे प्रत्येक तुकड्याला स्वतःचा परिसर वेगळा जाणवतो आणि कुणी आधी हलतं, कुणी नंतर.

तापवलं की फुटणारी मिश्रणं

घट्ट काही विरघळवायचं तर आपण ते गरम करतो. मिश्रण तापवलं की आणखी छान मिसळेल, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. मिसळणाऱ्या पॉलिमरच्या बऱ्याच जोड्या नेमक्या याच्या उलट वागतात.

पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइल मिथिल ईथर, म्हणजे पीव्हीएमई, ही याची अभ्यासातली लाडकी जोडी. एकाचा टीजी 100, दुसऱ्याचा उणे 30 च्या आसपास. दोन्ही टोल्युइनमध्ये विरघळवून काचपट्टीवर ओतायचे आणि द्रावक उडू द्यायचा. मागे उरतो तो पातळ थर काचेसारखा नितळ असतो. आता काचपट्टी तापवायची. साखळ्या किती लांब आहेत आणि प्रमाण काय आहे त्यानुसार 100 ते दीडशे अंशांच्या आसपास थर धूसर होतो, मग पांढुरका. काहीही जळलेलं नाही. एकजीव असलेलं मिश्रण डोळ्यांदेखत फुटलेलं असतं. तापमान हळू उतरवलं आणि साखळ्यांना हलायला वेळ दिला तर थर परत नितळ होऊ शकतो. झटकन गार केला तर धूसरपणा तसाच गोठतो.

कारण दुहेरी आहे. या दोघांना बांधून ठेवणारी ओढ नाजूक आणि विशिष्ट दिशेची असते. तापमान वाढलं की दुवे नीट समोरासमोर राहत नाहीत आणि ती ओढ सैल पडते. शिवाय उष्णतेनं दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत. पीव्हीएमई आपल्या टीजीच्या कितीतरी वर असतो, त्यामुळे तो जास्त फुगतो, पॉलिस्टायरीन कमी. आकारमानाचं असं जुळेनासं झालं की वेगळं राहणंच स्वस्त पडतं. छोट्या रेणूंमध्ये एन्ट्रॉपीचा मोठा हात या असल्या कुरबुरी झाकून टाकतो. इथे तो हातच नाही, म्हणून त्या उघड्या पडतात.

याच जोडीची आणखी एक खोड. टोल्युइनऐवजी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून थर ओतला तर तो मुळातच धूसर येतो आणि टीजी दोन दाखवतो. पॉलिमर तेच, प्रमाण तेच. द्रावकाला दोघांपैकी एकाचा जास्त लळा असला की तो उडून जाता-जाता त्यांना वेगळं करून जातो. त्यामुळे 'हे दोन मिसळतात का' या प्रश्नाला 'कसे मिसळले' हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये.

स्फटिक असले की

आतापर्यंतचे बहुतेक पॉलिमर काचेसारखे, अस्ताव्यस्त होते. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीडीएफ यांच्या साखळ्या काही भागात घड्या घालून स्फटिक बनवतात आणि त्यांना खरा वितळणबिंदू असतो. एकजीव मिश्रणात तो थोडा उतरतो. पीव्हीडीएफ एरवी 170 अंशांच्या आसपास वितळतं. त्यात पीएमएमए मिसळत गेलं की वितळणबिंदू खाली सरकतो, कारण वितळल्यावर साखळीला बाहेर आवडता शेजार मिळतो. किती सरकला यावरून 'काय'चा अंदाज बांधायची रीत 1975 पासून रूढ आहे. पीएमएमए निम्म्याच्या पुढे गेलं तर झटकन गार केल्यावर स्फटिक बनतच नाहीत.

पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीचा आलेख याच्या अगदी उलट असतो. जास्त घनतेच्या पॉलिथिलीनचं शिखर 130 च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीनचं 160 ते 165 मध्ये. दोघं आपापल्या जागेवर ठाम. पुनर्वापराच्या पॉलिप्रॉपिलीनचा आलेख पाहताना म्हणूनच आधी 110 ते 130 या पट्ट्याकडे नजर जाते. तिथे छोटासा उंचवटा असला की समजायचं, कुणाचं तरी झाकण नाहीतर पिशवी यात आली आहे.

एक जोडी मात्र सगळे नियम मोडते. पॉलिलॅक्टिक आम्लाचे दोन आरसारूप प्रकार असतात, डाव्या आणि उजव्या हातासारखे. दोन्ही सुटे असताना 170 ते 180 अंशांना वितळतात. एकत्र केले की डावी-उजवी साखळी एकमेकींत इतकी चपखल बसते की नवाच स्फटिक तयार होतो आणि तो वितळायला 230 च्या आसपास जावं लागतं. 1987 मध्ये हे दाखवलं गेलं. मिसळून वितळणबिंदू चढलेला पाहायला मिळणं दुर्मीळच.

न मिसळता नांदणं

न मिसळणं हा नियम असेल तर बाजारात इतकी मिश्रणं चालतात कशी? कारण बहुतेक वेळा आपल्याला एकजीव पदार्थ नकोच असतो. पॉलिस्टायरीन ठिसूळ. त्यात रबराचे मायक्रॉनभर आकाराचे ठिपके पसरवले की धक्का बसल्यावर ताण त्या ठिपक्यांभोवती असंख्य बारीक जागी वाटला जातो आणि एक मोठी भेग धावत जात नाही. हेच रबर पॉलिस्टायरीनमध्ये विरघळलं असतं तर फक्त टीजी उतरला असता: प्लॅस्टिक कमी उष्णतेत मऊ पडलं असतं आणि चिवटपणाही धड मिळाला नसता. दोन टीजी इथे दोष नाहीत, तीच कमाई आहे. पॉलिकार्बोनेट आणि एबीएसचं मिश्रणही असंच: एक उष्णता झेलतं, दुसरं साच्यात सहज वाहतं, आणि सीमेवर थोडीशी मिसळ होऊन दोघं धरून राहतात.

ते धरून राहणं महत्त्वाचं. थेंब आहेत पण पकड नाही, ही सुरुवातीच्या पट्टीची अडचण होती. त्यावर उपाय म्हणजे मध्यस्थ साखळी, जिचा अर्धा भाग एका पॉलिमरसारखा आणि अर्धा दुसऱ्यासारखा. ती सीमेवर बसते आणि दोन्हीकडे आपली टोकं रोवते, थेंबही लहान ठेवते. 2017 मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनसाठी चार तुकड्यांची अशी साखळी बनवली. ती शेकडा एक भाग घातली तरी ठिसूळ मिश्रण चिवट झालं. वितळण्याची शिखरं मात्र दोनच राहतात. मध्यस्थानं दोघांना एकजीव केलेलं नसतं, नांदायला लावलेलं असतं.

काही जोड्यांना मध्यस्थही वाचवत नाही, आणि तिथे 'काय'चा संबंधच येत नाही. बाटल्यांचं पीईटी वितळायला 250 अंशांच्या पुढे जावं लागतं. पीव्हीसी त्याच्या बरंच आधी विघटित होऊ लागतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतं. पीईटीच्या चुऱ्यात पीव्हीसीचे थोडे तुकडे राहून गेले तर तो आम्लधर्मी वायू पीईटीच्या साखळ्या तोडतो, माल पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके येतात. उलट पीव्हीसीच्या मालात पीईटी आलं तर पीव्हीसीच्या कामाच्या तापमानाला ते वितळतच नाही, कडक खड्यासारखं तसंच राहतं. म्हणून या दोघांना वितळवण्याआधीच, चुरा असतानाच वेगळं करावं लागतं. दोन्हींची घनता जवळपास सारखी असल्यामुळे पाण्यात टाकून तरतं-बुडतं पाहण्याचा सोपा मार्गही इथे चालत नाही.